ऑनलाइन बसवायचंच, तर आधी मोठ्यांना बसवा

मुलांचे ऑनलाइन योगवर्ग, माइंडफुलनेसच्या म्हणजे सजगतेच्या बॅचेस, चित्रकलेचे 'लाइव्ह' क्लास यांच्यावर टीका करायची म्हटली की एक सोपा विनोद हाताशी असतो: मोबाईलचं वेड सोडवायला पुन्हा मोबाईलच! तो सगळ्यांचा करून झाला आहे आणि तितकासा खराही नाही. आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलणं आणि तासभर रील्स सरकवत राहणं, या दोन्हींना 'स्क्रीन टाइम' म्हणून एकाच तागडीत तोलण्यात अर्थ नाही. माझी हरकत दुसरी आहे. या वर्गांत पडद्यासमोर भलत्याच माणसाला बसवलं जातंय. तिथे मुलाच्या आधी त्याच्या आईबापांनी आणि शिक्षकांनी बसायला हवं. मी चित्रकला शिकवते, वर्गातही आणि लॉकडाऊनपासून पडद्यावरही, त्यामुळे हे काठावर बसून मारलेले ताशेरे नाहीत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पर्याय नव्हता. त्या जुलैत केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रं, त्याहून जास्त नकोत, असं त्यात होतं. पूर्वप्राथमिकसाठी जी जास्तीत जास्त ३० मिनिटं दिली होती ती तर मुलांसाठी नव्हतीच. ती पालकांशी बोलण्यासाठी आणि त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी होती. सरकारी कागदात क्वचित सापडणारं शहाणपण त्या एका ओळीत होतं. पुढे शाळा उघडल्या, सूचना फायलीत गेल्या, आणि संध्याकाळच्या बॅचेस मात्र राहिल्या. तेव्हा 'किती वेळ हे पोरांना स्क्रीनपुढे बसवणार' म्हणून शाळेच्या ग्रुपवर भांडणारे पालक आज तेवढाच वेळ पैसे मोजून विकत घेतात. जाहिराती सगळ्या एका साच्यातल्या: एकाग्रता वाढेल, राग कमी होईल, आत्मविश्वास येईल, पहिला डेमो मोफत. पतंजलींनी अभ्यास पक्का व्हायला दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने, अशा तीन अटी घातल्या होत्या. जाहिरातीत त्यांच्या जागी 'फक्त २१ दिवसांत' असतं.

या वर्गांना मागणी का आहे, हेही समजून घ्यायला हवं. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये वाढणाऱ्या मुलाला मराठीत 'पाठ ताठ, श्वास सोड' असं सांगणारं कोणी जवळपास नसतं. रविवारची मराठी शाळा असते, पण ती आठवड्यातून एकदा, आणि तिथे बाराखडीलाच वेळ पुरत नाही. त्यांच्यासाठी नाशिकच्या किंवा पुण्याच्या एखाद्या ताई अमेरिकेसाठी पहाटे उठून, ऑस्ट्रेलियासाठी भर दुपारी वर्ग घेतात, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. त्या ताईंच्या हातात घरबसल्या चार पैसे येतात, बऱ्याचदा आयुष्यात पहिल्यांदा. आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणारी मुलं आहेत, ज्यांच्या गावात पन्नास किलोमीटरवर चित्रकलेचा क्लास नाही अशी मुलं आहेत. त्यांच्याकडून हे काढून घ्या असं म्हणायचा मला अधिकार नाही. मी बोलतेय ते बाकीच्यांविषयी: ज्यांच्या शाळेत वर्ग आहे, मैदान आहे, चालत जाण्याच्या अंतरावर माणसं आहेत, आणि तरीही ज्यांना हे विषय लिंक पाठवून उरकता येतील असं आपण गृहीत धरू लागलो आहोत त्यांच्याविषयी.

आता वर्गात नेमकं काय होतं ते जवळून बघू. फोन डब्याला टेकवून भिंतीशी उभा केलेला असतो. मूल उभं राहिलं की डोकं चौकटीबाहेर, आडवं झालं की नुसते तळपाय. ताई सांगतात, 'आता भुजंगासन, खांदे कानांपासून लांब.' एका चौकोनातलं मूल हातांवर सगळा जोर देऊन वर आलंय, कोपरं ताठ, मान मागे टाकलेली, खांदे कानांना भिडलेले, आणि सगळा भार कमरेच्या एकाच मणक्यावर. ताईंच्या पडद्यावर त्याच वेळी त्या चौकोनात त्याच्या शर्टाची बटणं आणि वरचा पंखा दिसतोय. 'व्हेरी गुड सगळे, छान!' वर्ग पुढे सरकतो. खोलीत असती तर तीच बाई त्या मुलाशेजारी पालथी पडली असती, 'माझ्याकडे बघ, एवढंच वर यायचं' म्हणाली असती, आणि ते मूल हसत हसत खाली आलं असतं. यात ताईंचं काही चुकलं नाही. त्यांच्यासमोर ते मूलच नव्हतं.

आसनं त्यातल्या त्यात बरी. सहा-सात वर्षांच्या मुलांकडून जोरजोरात कपालभाती करून घेणं, श्वास रोखून 'बघू कोण जास्त वेळ थांबतं' अशी शर्यत लावणं हे प्रकार पडद्यावर सर्रास चालतात, कारण त्यात मुलांना मजा येते आणि पालकांना काहीतरी 'झाल्यासारखं' वाटतं. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, लहान मुलांना देऊ नये हे जुन्या शिक्षकांना सांगावं लागत नसे. आज मुलांना योग शिकवणाऱ्याला कोणतंही प्रमाणपत्र सक्तीचं नाही. आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ आहे, पण त्याची परीक्षा देणं ऐच्छिक. सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग असेल तर निदान चार पालक दारातून डोकावतात. इअरफोन लावलेल्या मुलाच्या वर्गात कोण डोकावणार?

चित्रकलेचं माझ्या हातातलं उदाहरण सांगते. जलरंगात आकाश करायचं असेल तर आधी कागद ओला करतात, बोर्ड थोडा तिरका धरतात आणि वरून रंग सोडतात. कागदावरची चकाकी जाते, पण बोट लावलं तर तो अजून गार लागतो, अशी एक वेळ येते. ढग काढायचे तर कोरड्या ब्रशने तेव्हाच रंग उचलायचा. आधी उचलला तर रंग परत वाहून येतो, उशीर झाला तर कागद खरवडतो. ही वेळ पावसाळ्यात वेगळी, मे महिन्यात वेगळी, पंख्याखाली आणखी वेगळी. वर्गात मी मुलांच्या मागून फिरते, एखाद्याचा बोर्ड हातात घेऊन उजेडाकडे तिरका करते आणि म्हणते, 'थांब... थांब... आता.' ते 'आता' तीन-चारदा ऐकलं की पुढे मुलाला स्वतःला दिसायला लागतं. कॅमेऱ्यातून कागदाची चकाकी दिसत नाही. सोलापुरातल्या मुलाचा कागद केव्हा वाळतोय हे मला इथे बसून कळायला मार्ग नाही.

म्हणून पडद्यावर शिकवताना विषयच बदलतो. जलरंग मागे पडतात, तेलखडू पुढे येतात. स्मरणचित्र मागे पडतं, 'स्टेप बाय स्टेप' पुढे येतं. आधी एक वर्तुळ काढा, त्याला दोन कान, आता शेपूट. किंवा आपलं राष्ट्रीय निसर्गचित्र: दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि तिच्यावर वाकलेलं नारळाचं झाड. तासाच्या शेवटी सगळी मुलं कागद कॅमेऱ्यासमोर धरतात आणि चौकोना-चौकोनांत तेच चित्र दिसतं. पालक खूश, कारण चित्र 'आलं'. ज्या मुलाने नदीऐवजी नाला काढला असता, नाल्यात टायर काढलं असतं, ते मूल या पद्धतीत हळूहळू गप्प होतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या तयारीचे ऑनलाइन क्लास निघाले आहेत ते तर सरळ याच मार्गाने जातात. दहावीला वाढीव गुण मिळतात ना, मग संकल्पचित्राचे चार नमुने पाठ करा. (हा रोग ऑनलाइनच्या आधीचा आहे, हे मान्य. शाळेतही असे वर्ग मी पाहिलेत. पडद्याने फक्त त्याला दुसरा पर्याय ठेवला नाही.)

माइंडफुलनेसबद्दल फार लिहायची गरज नाही. 'डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या' असं सांगितल्यावर मुलं एक डोळा किलकिला करून स्वतःच्याच चौकोनाकडे बघत असतात. एवढ्या चौकोनांत शांत बसलेलं मूल कोणतं आणि नेट अडकल्यामुळे थिजलेलं चित्र कोणतं, हे शिकवणाऱ्यालाही ओळखता येत नाही. डोळे मिटल्यावर एखाद्याला रडू आलं, जे मुलांच्या बाबतीत होऊ शकतं, तर जवळ कोण आहे? पलीकडच्या खोलीत आई स्वतःच्या मीटिंगमध्ये असते.

यावर एक उत्तर हमखास येतं आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. आजकाल मुलांना कोण, कुठे, कसा हात लावतं याची पालकांना धास्ती असते. ऑनलाइन वर्गात निदान तो प्रश्न नाही, मूल डोळ्यांसमोर घरातच असतं. ही धास्ती खरी आहे, तिला कारणंही आहेत. पण मग त्याच पालकांना मुलाच्या व्यायामाच्या कपड्यातल्या वर्गाचं रेकॉर्डिंग कुठे साठवलं जातं, कोण पुन्हा बघतं, त्यातले तुकडे जाहिरातीत वापरले जातात का, हे विचारावंसं का वाटत नाही? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करता येणार नाही, असं आहे. एखाद्या बॅचला नाव घालताना संमतीचा असा कागद कुणी पुढे केलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. हात लावण्याच्या भीतीवर खरा इलाज म्हणजे उघडं दार आणि खोलीत दुसरं मोठं माणूस. आणि पुन्हा आपण तिथेच येतो: खोलीत मोठं माणूस हवं.

महाराष्ट्रात हे विषय मुलांपर्यंत कसे पोहोचले ते आठवून बघा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. सक्तीचं मला कौतुक नाही. पण हा राजा स्वतः रोज नमस्कार घालायचा, आणि ते सगळ्या संस्थानाला माहीत होतं. हाच माणूस हातात ब्रश धरणाराही होता. औंधच्या टेकडीवरचं श्रीभवानी संग्रहालय त्याचंच, जिथे आज रविवर्म्याच्या चित्रांसोबत हेन्री मूरचं शिल्पही बघायला मिळतं. मुलांना व्यायाम आणि चित्र दोन्ही द्यावं असं त्याला वाटलं, कारण दोन्ही त्याच्या दिवसाचा भाग होते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, पुण्यात बी. के. एस. अय्यंगार १९३७ च्या सुमारास आले तेच मुळी शिकवायला. यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं पुढे शाळांत, मंडळांत, गच्च्यांवर पसरली. आधी मोठं माणूस तयार झालं, मग मूल.

याहून नेमकं उदाहरण इगतपुरीचं. विपश्यना या ध्यानपद्धतीवर काम करणाऱ्या तिथल्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या मदतीने राज्याच्या शिक्षण खात्याने 'मित्र उपक्रम' आखला. शाळेत मुलांनी रोज काही मिनिटं आनापान करायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या नैसर्गिक श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवायचं. श्वास रोखणं नाही, वाढवणं नाही. इथे एक गंमत आहे. या परंपरेत सूचना रेकॉर्ड केलेल्याच असतात. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका २०१३ मध्ये गेले, पण आजही शिबिरांत आवाज त्यांचाच लागतो. म्हणजे 'जिवंत गुरूच हवा, यंत्रातून काही शिकता येत नाही' असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचं आहे. माझ्या मते यंत्र इथे गौण ठरतं ते एका अटीमुळे: शिक्षकांनी आधी स्वतः दहा दिवसांच्या शिबिराला बसावं, ही अपेक्षा त्या उपक्रमात होती. आवाज स्पीकरमधून येतो, पण समोरच्या खुर्चीवर बसलेल्या बाई स्वतः डोळे मिटून बसलेल्या असतात. ज्या शाळांत बाई त्या वेळात हजेरी भरतात तिथे मुलं काय करतात हे कोणत्याही मुलाला विचारा.

आता पुराव्याकडे येऊ, कारण 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे शब्द या बाजारात मुक्त उधळले जातात. माइंडफुलनेसचा आजचा जगभर पसरलेला अवतार १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जॉन कबाट-झिन यांनी सुरू केलेल्या कार्यक्रमातून आला. तो आठ आठवड्यांचा होता आणि प्रौढांसाठी होता, दुखण्यांनी आणि ताणाने गांजलेल्या प्रौढांसाठी. तो मुलांना लागू पडतो का, हे तपासण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. 'मिरियाड' नावाच्या त्या चाचणीत ८५ शाळांतली ११ ते १४ वयाची आठ हजारांवर मुलं होती. त्यांच्याच शाळेतल्या शिक्षकांना आधी तयार केलं, मग त्यांनी वर्गात धडे दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. शाळेत एरवी भावनिक-सामाजिक शिक्षणाचे जे तास होतात त्यांच्या तुलनेत मुलांच्या नैराश्यात किंवा एकंदर स्वास्थ्यात या धड्यांनी काही जास्तीचा फायदा झाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. फायदा दिसला तो शिक्षकांना: त्यांचा कामाचा थकवा कमी झाला, शाळेतलं वातावरण थोडं सुधारल्याचं आढळलं.

ही चाचणी माझ्या बाजूने अर्धीच आहे, हे मला दिसतं. शिक्षकांना तयार करूनही मुलांवर परिणाम झाला नाही, मग 'आधी मोठ्यांना बसवा' या सांगण्याला काय आधार? माझं उत्तर असं. तिथेही शेवटी मुलांना दिला गेला तो एक अभ्यासक्रमच, ठरावीक तासांचा, सगळ्यांना सारखा, मागितला असो वा नसो. अकरा वर्षांच्या मुलाला मनःशांतीचा धडा नको असतो. त्याला न ओरडणारे शिक्षक हवे असतात. शिक्षकांचा थकवा कमी झाला, ही मला त्या चाचणीतली सर्वांत मोठी बातमी वाटते. मुलांचं मोजमाप करणाऱ्या प्रश्नावलीत ती तळटीप ठरली असेल, वर्गात बसणाऱ्या मुलासाठी ती तळटीप नाही. आणि उरलेला अर्धा भाग तर सरळ आहे: शिकलेला शिक्षक वर्गात हजर असूनही जे साधलं नाही, ते अनोळखी ताईंच्या आठवड्यातून दोनदा येणाऱ्या चौकोनातून साधेल असं मानायला काय आधार आहे? मूल खरोखर खचलेलं असेल, झोपत नसेल, जेवत नसेल, तर त्याला बॅच नको, समुपदेशक हवा. 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. तिची जाहिरात या वर्गांच्या शंभराव्या हिश्शानेही कुठे दिसत नाही.

पण ऑनलाइन वर्गांचा खरा धोका सधन घरांना नाहीच. तिथल्या मुलाचा एक तास वाया गेला तर गेला, त्याला पोहणं आहे, तबला आहे. धोका आहे तो जिल्हा परिषदेच्या शाळेला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितले आहेत, पण ते सहावी ते आठवीला, आणि तिथे पटसंख्या १०० च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला नाहीत, आणि आपल्या खेड्यांतल्या किती शाळांत वरच्या तीन इयत्तांत शंभर मुलं असतात? प्राथमिक वर्गांना बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक आहे, चांगलं आहे, पण ते घेणारा शिक्षक तोच, ज्याच्याकडे दोन इयत्ता आणि खिचडीचा हिशोब आहे. मोठ्या शाळांत कलाशिक्षक निवृत्त होतात आणि जागा रिकामी राहते. चित्रकलेचा तास गणिताचे सर पोर्शन राहिला म्हणून मागून घेतात. अशा वेळी कुणीतरी वर बसून म्हणणार: योग, सजगता आणि कला यांचे उत्तम व्हिडिओ तयार आहेत, स्मार्ट टीव्ही शाळेला दिलाच आहे, लावा. शिक्षक भरायची गरजच उरली नाही! भीती मला याची वाटते. व्हिडिओ वाईट असतील म्हणून नव्हे. ते चांगले असतील आणि म्हणूनच ती जागा कायमची बुजेल.

पडद्याचं शिक्षण आपल्याला नवीन नाही, हेही आपण विसरलो. पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम बघत एक पिढी वाढली. २०१७ मध्ये ती बंद केली. तीनच वर्षांनी टाळेबंदी आली आणि मुलांसाठी मराठीत कार्यक्रम कुठून आणायचे म्हणून धावाधाव झाली. त्या धावाधावीतही एक चांगली गोष्ट झाली. २०२० च्या जुलैत एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली. धडा वाचून दाखवण्यापेक्षा घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन काय करता येईल यावर तिचा भर होता, आणि घरातली मोठी माणसंही त्यात ओढली जायची. कार्यक्रम संपला की खरा तास सुरू व्हायचा, डाळी, चमचे, पानं, दोऱ्या घेऊन. पडदा मुलांसाठी वापरायचाच असेल तर मला एवढीच पद्धत पटते: लवकर संपणारी, आणि संपताना काहीतरी करायला बाहेर पिटाळणारी. दिवाळीत मातीचा किल्ला कसा करायचा याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ कुणी बघितला, मग तीन दिवस हात मातीत घातले, बुरूज ढासळला, मोहरी पेरली, कोंब आले नाहीत म्हणून शेजाऱ्याशी भांडण झालं, तर त्या पाच मिनिटांवर माझा काय आक्षेप असणार?

मग शिक्षकांना आणि पालकांना ऑनलाइन शिकवता येईल का? मला वाटतं, येईल, आणि पडदा तिथेच खऱ्या अर्थाने उपयोगी आहे. मोठं माणूस आपल्या कंबरेत कळ आली तर बोलतं. 'माझा कागद लवकर वाळतोय' असं सांगू शकतं. कॅमेरा नीट लावू शकतं. आठ दिवस करून नवव्या दिवशी शंका घेऊन परत येतं. मुख्य म्हणजे जे शिकलं ते उद्या मुलांसमोर, त्यांच्या खोलीत, त्यांच्या भाषेत, त्यांच्या कंटाळ्याचा अंदाज घेऊन करू शकतं. गडचिरोलीतल्या शिक्षिकेला लोणावळ्याला आठवडाभर बोलावणं दर वेळी जमणार नाही, पण आठवड्याला एक तास तिच्याशी पडद्यावरून बोलणारा जाणता माणूस देता येईल. त्यात तिला 'मुलांना कसं शिकवावं' हे सांगूच नये पहिले काही महिने. तिने स्वतः करावं. स्वतः पाच सूर्यनमस्कार, स्वतः दहा मिनिटं शांत बसणं, स्वतः एक वस्तुचित्र, घरातल्या तांब्याचं का होईना. ज्या बाईंनी स्वतः तांब्याचा काठ तीनदा खोडला आहे, त्या मुलाच्या वाकड्या तांब्याला हसत नाहीत.

पालकांचंही तेच. मुलाच्या बॅचची फी भरायच्या आधी एक महिना तीच बॅच आईने किंवा बाबांनी करावी. वर्ग चालवणाऱ्या ताईंना हे अडचणीचं वाटणार नाही. जाणत्या शिक्षिका आजही लहान मुलांसोबत पालकाने चटईवर बसायचंच, असा नियम ठेवतात. आणि आईबापांना महिनाभर वेळ काढता आला नाही, तर त्यांना निदान हे कळेल की आपण मुलाकडे जे मागतोय ते आपल्यालाही जमत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांना ऑनलाइन प्रशिक्षणांचा वीट आलेला आहे, आणि तो यायलाच हवा होता. व्हिडिओ बाजूला चालू ठेवायचा, शेवटी पाच प्रश्नांची उत्तरं टिकमार्क करायची, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं, ही पद्धत सगळ्यांना पाठ आहे. म्हणून हा तास वाढीव नको. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होते त्यातलाच वेळ द्यावा, त्या दिवशीची दोन भाषणं कमी करावीत. गट वीस-पंचवीसचाच असावा, म्हणजे शिकवणाऱ्याला नावं माहीत राहतील. शिकवणारा तोच राहावा, वर्षभर. अंशकालीन निदेशकांच्या आणि कलाशिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याला हा पर्याय म्हणून दाखवला जाणार नाही, हे शासन निर्णयातच लिहून घ्यावं, कारण तसा दाखवला जाईल याची मला खात्री आहे. आणि उपक्रमाचे फोटो लिंकवर अपलोड करण्याची सक्ती पहिल्या दिवसापासून नको. ती आली की काय होतं ते प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत आहे: मुलं रांगेत, डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर, फोटो निघतो, 'चला, उघडा डोळे, गणिताची वही काढा.'